सामायिक पंखा धोरण

पंखा दोनवर ठेवायचा की चारवर, यावर सात देशांचं एकमत होत नव्हतं.

देश म्हणजे शनिवारच्या वर्गातले सात विद्यार्थी. विषय, 'युरोपीय संघ : कायदा आणि संस्था'. नोकऱ्या सांभाळून शिकणारी ही मंडळी वर्षभर सरांचं ऐकत होती आणि त्याहून जास्त वेळ पंख्यावरून भांडत होती. म्हणून शेवटच्या तासाला सरांनी शक्कल लढवली. प्रत्येकाला एकेक देश वाटला, बाकं गोल लावली आणि संघाच्या मंत्र्यांची नकली बैठक भरवली. मासेमारीच्या धोरणावर कोणी जीव तोडून भांडणार नाही, पंख्यावर भांडेल, असा सरांचा अंदाज होता. तो जरा जास्तच बरोबर निघाला.

"नियम ध्यानात ठेवा," सर म्हणाले. "प्रस्ताव मांडायचा हक्क फक्त आयोगाचा. आयोग म्हणजे मी. तुम्ही हो म्हणायचं, नाहीतर नाही. एक जरी नाही आला तरी ठराव बारगळला."

तोंडी परीक्षेचे गुण या बैठकीवरच द्यायचे होते आणि त्यांच्यासोबत सातही जणांच्या सहीचा ठराव जोडू, असं सरांनी स्वतःहून ऑफिसला कळवून ठेवलं होतं. नसती हौस! गुण आज पाचच्या आत पोचले नाहीत, तर सातही जणांचं वर्ष वाया जाणार होतं.

दोनला वर्गातल्या सगळ्यांत वयस्कर विद्यार्थिनीची, काकूंची, हरकत नव्हती. काकूंना बारमाही सर्दी; ऊन असो, थंडी असो, त्यांच्या हातात रुमाल असायचाच. बाकीचे चारवरून तीनवर आले, तीनवरून अडीचवर आले. अडीच पंख्याला नव्हतं, पण तडजोडीला चाललं. अडला तो एकच जण. तो गोदामात कामाला होता आणि वर्गात त्याला सगळे नकारघंटा म्हणत.

"दोन?"

"नाही."

"अडीच?"

"नाही."

"अरे, मग बंद करू का?"

"छे! बंद कसा चालेल?"

पाच वाजत आले. सरांच्या कपाळावर घाम आला, पंखा चारवर असूनही. मग त्यांना एकदम आठवलं. "खऱ्या मंत्र्यांवर पण ही वेळ आली होती. शेतीच्या धोरणावर एकमत होईना आणि वर्ष संपत आलेलं. त्यांनी काय केलं माहितीये? भिंतीवरचं घड्याळच थांबवलं! बोलणी संपेपर्यंत जुनं वर्ष चालूच. प्रस्ताव मांडतो : घड्याळ थांबवावं."

सात हात वर गेले. नकारघंटेचा तर सगळ्यांत आधी. वर्षभरात तो पहिल्यांदाच हो म्हणत होता, पण घाईत कोणाच्या ते लक्षात आलं नाही. सर बाकावर चढले, घड्याळातला सेल काढला आणि खिशात टाकला.

आता ऑफिसातलं घड्याळ बरेच दिवस दुरुस्तीला गेलेलं होतं. शिपाईमामा घंटा द्यायचे ते या वर्गातल्या घड्याळाकडे खिडकीतून बघून. मोबाइल सगळ्यांकडेच होते, पण कॉलेज काही मोबाइलवर सुटत नाही. मामा हातोडी घेऊन काट्यांकडे बघत उभे राहिले. वरच्या मजल्यावर हिशेब शिकवणारे सर नफातोट्यापर्यंत येऊन पोचले होते. घंटा होईना, तेव्हा त्यांनी पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. जिन्यात पुढच्या वर्गाची गर्दी जमली. आणि तरातरा हेडक्लार्क बाई आल्या.

"अहो सर, घंटा का होत नाही? घंटा झाल्याशिवाय मी ऑफिसची खिडकी बंद करत नाही आणि खिडकी बंद केल्याशिवाय घरी जात नाही. इतक्या वर्षांत नियम मोडलेला नाही मी!"

"पाच वाजलेले नाहीत, बाई," सर चाचरत म्हणाले. "कायद्याने."

बाईंनी घड्याळाकडे बघितलं, मग सरांच्या खिशाकडे. "एक तर मार्क द्या, नाहीतर तो सेल द्या."

"सेल घातला की लगेच पाच वाजतील. आधी ठराव झाला पाहिजे."

सगळे नकारघंटेकडे बघू लागले. त्याने मान खाली घातली. "नाही," तो पुटपुटला.

काकूंनी रुमाल बाजूला ठेवला. "बाळा, तुला नक्की काय हवंय रे? दोन नको, चार नको, बंदही नको."

हे त्याला वर्षभरात कोणी विचारलं नव्हतं.

"पंख्याचं काही नाही हो," तो म्हणाला. "दिवसभर मी खोक्यांबरोबर असतो. घरी कोणी नाही. शनिवारी इथं येऊन भांडायचं, एवढंच. ठराव झाला की तुम्ही सह्या करणार आणि निघणार. पुढच्या वर्षी विषयपण बंद होतोय. मग मी नाही म्हणायचं तरी कुणाला?"

सरांना भरून आलं. एक देश सगळ्यांना कसा अडवू शकतो, हे ते वर्षानुवर्षं शिकवत आले होते. तो का अडवतो, हे विचारायचं मात्र त्यांना कधी सुचलं नव्हतं.

"सर, मांडा," काकू म्हणाल्या.

"काय मांडू?"

"पंख्याचा निर्णय पुढच्या बैठकीत घ्यावा. पुढची बैठक येत्या शनिवारी माझ्या घरी."

"पण काकू, मांडायचा हक्क आयोगाचा..."

"म्हणून तर म्हणतेय, मांडा!"

सरांनी मांडलं. खऱ्या संघातही पुष्कळदा यापलीकडे काही ठरत नाही, असं ते वर म्हणाले. सहा हात वर गेले. नकारघंटा घुटमळला.

"एक दुरुस्ती. येत्या शनिवारी नाही, दर शनिवारी."

"मंजूर करा हो!" बाई ओरडल्या आणि नकळत त्यांचाही हात वर गेला.

सह्या झाल्या, सेल बसला, घंटा झाली. वरच्या मजल्यावरून सुटकेचा एकच गलका ऐकू आला. बाईंनी गुणांचा कागद हातात घेतला, वेळेच्या आत मिळाला असं लिहिलं आणि समाधानाने खिडकी बंद करायला गेल्या.

जिना उतरता उतरता नकारघंटेनं विचारलं, "काकू, तुमच्याकडे पंखा कितीवर असतो?"

"पंखा? माझी ही अशी सर्दी. मी घरात पंखा बसवलेलाच नाही."

तो पायरीवरच थांबला. चेहरा पडला बिचाऱ्याचा. "मग भांडायचं कशावरून?"

"खिडक्या आहेत की," काकू रुमाल शोधत म्हणाल्या. "एकसुद्धा उघडू द्यायची नाही मी."