दगडूआबांची पिवळी गोळी

शिंक येणार असं वाटलं की दगडूआबा नाकावरचा चष्मा काढायचे आणि समोर जो कोणी उभा असेल त्याच्या हातात द्यायचे. ओळख असो वा नसो. मग दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून अशी शिंक द्यायचे की गल्लीतल्या चिमण्या उडायच्या आणि कोपऱ्यावरचा रिक्षावाला टायर बघायला खाली उतरायचा. शिंकून झालं की चष्मा परत मागून घ्यायचे, उपरण्याने पुसायचे आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पूर्ण करायचे.

ऐंशीच्या दशकात माझी जळगावच्या बँकेत बदली झाली. सामान उतरवत होतो, तेव्हा तो चष्मा पहिल्यांदा माझ्या हातात आला. एका हातात आमचा आरसा, दुसऱ्या हातात परक्या माणसाचा चष्मा, असा मी ट्रकपाशी उभा. शिंक आटोपल्यावर आबांनी विचारलं, "कोठला शेतस साहेब?" मी रत्नागिरी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मंग तठे मिरची नही भेटत व्हई," ते म्हणाले.

आबा मूळचे धुळ्याकडच्या एका खेड्यातले. तरुणपणी जळगावला आले आणि डाळमिलमध्ये मुकादम म्हणून निवृत्त झाले. तुरीचा आणि हरभऱ्याचा भुसा आयुष्यभर नाकात गेलेला. "मिलना पगार बंद झाया, भुसा चालूच शे," असं नाकावर बोट ठेवून सांगायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा प्रभाकर नाशिकला कारखान्यात होता. आबा एकटेच राहायचे, आणि त्यांच्या-आमच्या घरात एकच भिंत होती.

जळगावात आम्ही टिकलो ते आबांमुळे. नळाला पाणी आलं की ते आधी आमचं पिंप भरायचे, मग स्वतःचं. पहिल्या उन्हाळ्यात मी भर दुपारी डोक्यावर काही न घेता बाहेर पडलो, तेव्हा त्यांनी मला रस्त्यातून मागे वळवून स्वतःचं उपरणं बांधून दिलं. माझ्या बायकोच्या बाळंतपणात मी ऑफिसच्या कामाने भुसावळला अडकलो होतो. तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेणारे आणि मुलगी झाल्याचा पेढा डॉक्टरांना माझ्याआधी भरवणारे आबाच. आभार मानायला गेलो की एकच वाक्य ऐकायला मिळायचं, "माले काय व्हस भो!" थंडी, ऊन, पायात काटा, काहीही असो, आबांना कधीच काही होत नसे.

हिवाळ्यात मात्र आबा गल्लीचे राजे असत. भरिताची हिरवी, थोराड वांगी बाजारात आली की रविवारी सगळी गल्ली मोकळ्या जागेत जमायची. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, लाकडी उखळात ठेचायची, आणि मिरची किती घालायची ते फक्त आबांनी ठरवायचं. ते बोटाला लावून चाखायचे, डोळे मिटायचे आणि मान हलवायचे. ती मान हलल्याशिवाय कोणी पुरीला हात लावत नसे.

मुलगी काही महिन्यांची होती त्या हिवाळ्यात आबांचं काहीतरी बिघडायला लागलं. भर सकाळी ओट्यावर बसल्या-बसल्या डुलक्या घ्यायचे. तांब्यामागून तांब्या पाणी प्यायचे आणि तोंड कोरडं म्हणून कुरकुरायचे. एकदा भरदुपारी डबा घेऊन माझ्याकडे आले आणि मिलचा भोंगा झाला का म्हणून विचारलं. आणखी एकदा मला प्रभाकर समजले आणि शाळा बुडवून घरी बसल्याबद्दल चांगलं झापलं. मी तेव्हा बँकेत अधिकारी होतो, तरी "उद्या जातो" म्हणून सुटका करून घेतली. गल्लीत बायका हळू आवाजात बोलायला लागल्या, की आबांना म्हातारचळ लागला. कोणीतरी नाशिकला फोन केला.

प्रभाकर आला तो नेमका भरिताच्या रविवारी. आबा जाळाशेजारी बसले होते. मिरचीचा ठेचा त्यांनी उखळात घातला, जरा डुलकी घेतली, जागे झाले आणि पुन्हा तेवढाच ठेचा घातला. मी ते डोळ्यांनी पाहिलं. मग त्यांनी बोटाने चाखलं, डोळे मिटले आणि मान हलवली.

पहिल्याच घासाला माझ्या कानातून वाफ निघायची बाकी राहिली. उचकी लागली, नाक वाहायला लागलं. मी म्हणालो, "आबा, तिखट झालंय." सगळी गल्ली हसली. "मिरची लागनी का साहेब?" "कोकणातले ना!" हसणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण खानदेशात तिखटाला तिखट म्हणण्यापेक्षा माणूस गप्प बसून जेवेल. एकाने तर आणखी वाढून घेतलं. त्याला दुसऱ्या दिवशी कोणी गल्लीत पाहिलं नाही.

जेवणानंतर प्रभाकर मला बाजूला घेऊन म्हणाला, "मी त्यांना नाशिकला नेतो. इथे एकटं ठेवायची आता हिंमत नाही होत. तिथे तिसऱ्या मजल्यावर आहे घर. आम्ही दोघंही कामावर असतो. दिवसभर बाहेरून कुलूप घालावं लागेल, दुसरा इलाज नाही." ज्या माणसाला सकाळी सगळ्या गल्लीला हात केल्याशिवाय चहा गोड लागत नसे, तो कुलपाआड बसणार, या विचाराने मला भरिताचं तिखटही विसरायला झालं.

जायच्या दिवशी ट्रंक दारात ठेवलेली आणि आबा ओट्यावर पोट धरून बसलेले. बोलेनात. "माले काय व्हस" हे तीन शब्दसुद्धा नीट निघेनात. लघवी होतच नव्हती, आणि ते सांगायची लाज म्हणून आदल्या दिवसापासून सोसत होते. प्रभाकरने आणि मी त्यांना रिक्षात घातलं आणि जवळच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी नळी घालून त्यांना मोकळं केलं. आबांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की आम्हालाही बरं वाटलं.

मग बाईंनी विचारलं, "आबा, औषधं कोणती घेता?"

"औसद? बाई, आख्खी जिंदगीमा मी औसद लिधं नही." हे सांगताना आबांना जुनी ऐट परत आली. बाईंचे उपकार फेडावेत म्हणून की काय, त्यांनी कमरेची सुपारीची पिशवी काढली आणि बाईंपुढे उघडून धरली. आत सुपारी होती, लवंगा होत्या, आणि ओंजळभर पिवळ्या गोळ्या.

"हे काय?"

"गोयी शे. शिकनी. मेडिकलमा भेटस. गोयी म्हंजे औसद थोडंच!"

आबांच्या हिशेबात डॉक्टरने चिठ्ठीवर लिहिलं तरच ते औषध. दुकानात मागून मिळतं ते सुपारीसारखंच. शिंक थांबवायला सकाळी, दुपारी, संध्याकाळी, आणि मध्ये नाक हुळहुळलं तरी एक. मला एकदम आठवलं, कितीतरी दिवसांत तो चष्मा माझ्या हातात आला नव्हता.

बाईंनी कपाळाला हात लावला. "तरुण माणसाला या गोळीने फार तर झोप येते. या वयात डोकं गोंधळतं, तोंड सुकतं, लघवी अडते. जिभेची चवसुद्धा जाते. चवीचं काही जाणवलं होतं का?"

मी तत्काळ म्हणालो, "भरीत तिखट झालं होतं!"

बाईंनी प्रभाकरकडे पाहिलं. तो जळगावात वाढलेला. खाली मान घालून, एखादा गुन्हा कबूल करावा तसा म्हणाला, "झालं होतं. खूपच."

गोळ्या बंद करा, नाकासाठी दुसरं काय ते मी बघते, आणि थोडे दिवस थांबल्याशिवाय यांना म्हातारचळ म्हणू नका, असं बाईंनी बजावलं. प्रभाकरने रजा वाढवली. आबा हळूहळू निवळले. आधी भोंग्याची चौकशी थांबली, मग दुपारच्या डुलक्या. एका सकाळी त्यांनी मला "साहेब" म्हणून हाक मारली आणि आमचं पिंप रिकामं ठेवल्याबद्दल रागावले. प्रभाकर ट्रंक न घेता एकटाच नाशिकला गेला. जाताना त्याने आभार मानत माझे हात धरले; खरं तर देणं आमचंच होतं.

त्याच संध्याकाळी माझी बायको चहा घेऊन आबांकडे गेली. मीही होतो. तिने विचारलं, "आबा, इतकी वर्षं शिंकत होतात. याच हिवाळ्यात गोळ्या कशाला सुरू केल्यात?"

आबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "पोरी, माले शिक उनी का भितना पल्याड तुनं लेकरू दचकस. रडस. मंग मी गोयी खास."

आमच्यापैकी कोणी त्यांना कधी काही बोललं नव्हतं. शिंकेने मुलगी दचकून रडते, हे त्यांनी स्वतःच ऐकलं होतं, भिंतीपलीकडून.

"मना घरमा कोनी रडनारं बी नही, हासनारं बी नही," आबा म्हणाले. "लेकरू हासनं का मी भितले कान लाईसन बसस. बरं वाटस."

बायको उठून घरी गेली. मला वाटलं, डोळे पुसायला गेली. ती आली ती मुलीला एका कडेवर आणि झोळीची जुनी साडी दुसऱ्या हातात घेऊन. आबांच्या पुढच्या खोलीत तुळईला कडी होती. मला स्टुलावर चढायला लावून तिने झोळी बांधून घेतली, मुलीला आत ठेवलं आणि दोरी आबांच्या हातात दिली. "उद्यापासून दुपारची इथेच झोपेल," ती म्हणाली.

आबांनी दोरी घट्ट धरली. मग घाबरून विचारलं, "अन् माले शिक उनी तं?"

"येऊ द्या की," ती म्हणाली. "आपल्या आजोबांचा आवाज तिला ओळखू यायला नको का?"