पहिल्या फेरीचा पाहुणा

अमेरिकेतल्या ट्रॉय गावी राहणाऱ्या यतीनने आपल्या घरातली खालची बेडरूम एका सर्बियन टेनिसपटूला दिली, ती तो लवकर हरणार याची पक्की खात्री करून घेतल्यावरच.

गावातल्या क्लबात दर उन्हाळ्यात व्यावसायिक खेळाडूंची एक छोटी स्पर्धा भरते. हे खेळाडू टीव्हीवर दिसणारे नव्हेत. हॉटेलात राहणं त्यांना जड जातं, म्हणून क्लब आसपासच्या कुटुंबांना विनंती करतो, की एकेकाला हरेपर्यंत ठेवून घ्या. यतीनची मुलगी रुही पुढच्या वर्षी कॉलेजला अर्ज करणार होती. त्या अर्जात ‘आंतरराष्ट्रीय खेळाडूचं आतिथ्य’ हे शब्द किती शोभून दिसतील, ते यतीनला आत्तापासूनच दिसत होतं.

अडचण एकच होती. शुक्रवारी श्रूजबरीहून जगन्नाथकाका आणि मालिनीकाकू यायचे होते. यतीन शिकायला अमेरिकेत आला, तेव्हा काकांनी त्याला स्वतःची बेडरूम दिली होती आणि आपण वर्षभर हॉलमध्ये गादी टाकून झोपले होते. हे काकांनी कधी बोलून दाखवलं नाही. काकूंनी मात्र काकांच्या वाटचंही बोलून दाखवलं होतं. आता काकांचे गुडघे जिना चढू देत नव्हते, तेव्हा खालची खोली शुक्रवारी रिकामी हवी म्हणजे हवीच होती.

“टेन्शन घेऊ नकोस,” यतीन बायकोला, हिमानीला म्हणाला. “मी सगळा डेटा बघितलाय. हा मिलोराद तेशिच एकतीस वर्षांचा आहे, खांदा दुखावलाय, या सीझनला बहुतेक सगळीकडे पहिल्याच राउंडला आउट. मंगळवारी हरेल, बुधवारी फ्लाइट पकडेल.”

“आणि जिंकला तर?”

“ते मॉडेलमध्ये बसत नाही.”

मिलोराद आला तो दाराशी स्वतःहून बूट काढून, मान वाकवूनच आत आला. जेवल्यावर त्याने आपलं ताट घासून ठेवलं. हिमानी तिथेच अर्धी विरघळली. उरलेली अर्धी विरघळली ती दुसऱ्या दिवशी भेंडीची भाजी खाताना त्याने सांगितलं तेव्हा, की हा उन्हाळाही असाच गेला तर रॅकेट ठेवून द्यायची आणि भावाच्या टायरच्या दुकानात बसायचं.

मंगळवारी सकाळी तो निघाला, तेव्हा हिमानीने सवयीने त्याच्या हातावर दहीसाखर ठेवली. रुहीच्या प्रत्येक परीक्षेला ती ठेवते. आणि मिलोराद जिंकला.

“आता आठवडाभर काहीही बदलायचं नाही,” संध्याकाळी त्याने आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत गंभीरपणे बजावलं. “तेच दही, तीच खुर्ची, तोच पलंग, तेच मोजे.”

“मोजे रोज धुणार असशील तर,” हिमानी म्हणाली.

यतीनने बोटांवर वार मोजले. आता हा गुरुवारीच हरायला हवा होता. यतीन दरवर्षी मराठी मंडळात वैज्ञानिक दृष्टिकोनावर भाषण देतो. त्या यतीनने गुरुवारी सकाळी, मिलोराद बॅग खांद्याला लावून उंबऱ्याबाहेर पाऊल टाकतोय तोच, मागून मोठ्याने विचारलं, “कुठे चाललास?”

हिमानीच्या हातातला चमचा थांबला. कामाला निघालेल्या माणसाला कुठे चाललास म्हणून विचारू नये, काम होत नाही, हे यतीनच्या आईने त्याला लहानपणी धपाटा घालून शिकवलं होतं.

“मुद्दाम विचारलंस!” हिमानी दबक्या आवाजात म्हणाली.

“मी हे मानतच नाही. मग मुद्दाम कसं?”

“मग विचारलंस कशाला?”

 तिकडे मिलोरादने रुहीकडून अर्थ समजून घेतला, छाती पुढे काढून “जिंकायला!” असं उत्तर दिलं, आणि तो खरोखरच जिंकून आला. रात्री त्याने यतीनचा हात हातात घेतला. “उद्यापण विचारशील ना? तसंच, मागून?”

करायला गेला गणपती आणि झाला मारुती! शुक्रवारी यतीनने शिस्तीत मागून विचारलं, आणि मिलोराद उपांत्य फेरीत जाऊन बसला.

“डॅड, यू आर हिज लकी चार्म!” रुही म्हणाली. यतीनला रडू यायचं बाकी होतं.

संध्याकाळी काका-काकू आले. यतीनने त्यांना ड्राइव्हवेवरच गाठलं.

“म्हणजे आम्ही हॉलमध्ये झोपायचं?” काकूंनी विचारलं.

“फक्त आजची रात्र, काकू. उद्या सेमीफायनल आहे. उद्या हरतोच तो.”

तेवढ्यात मिलोरादने येऊन दोन्ही बॅगा उचलल्या. आपण हॉलमध्ये झोपतो, असंही तो म्हणाला. काकांनी त्याच्या खांद्यावरची पट्टी पाहिली आणि ते यतीनवर कडाडले, “खेळाडूला जमिनीवर झोपवतोस? आण ती गादी इकडे!”

शनिवारी सकाळी काकू अंघोळीला गेल्या असतानाच यतीनने प्रश्न उरकून घेतला, आणि सामन्याला काका पहिल्या रांगेत होते. काकूंनी एका रात्रीत मिलोरादचा मिलिंद केला होता आणि काका “शाब्बास मिलिंद!” म्हणून असे ओरडत होते, की पंचाने दोनदा वळून पाहिलं. शेवटचा गुण मिळाला तेव्हा यतीन स्वतःच उभा राहून टाळ्या पिटत होता. आपण नक्की कुणाच्या बाजूचे, हे तो साफ विसरला होता. त्याला लाज वाटली, पण आनंद त्याहून मोठा होता.

रविवारी अंतिम सामना होता. मंडळातली निम्मी माणसं थेट क्लबवर जमणार होती. दहीसाखर झाली. मिलोराद उंबऱ्याबाहेर पाऊल टाकून थांबला. यतीनने आयुष्यात पहिल्यांदाच तो प्रश्न मनापासून विचारायला तोंड उघडलं.

“खबरदार!” काकू कडाडल्या. “शुभकार्याला निघालेल्या पोराला असं विचारतात? आईने हेच शिकवलं का तुला?”

मिलोराद वाट पाहत होता. यतीनने त्याच्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, काकांच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

मिलोराद सरळ दोन सेटमध्ये हरला.

संध्याकाळी घरात सगळे हिरमुसले होते. मजेत होता तो एकटा मिलोराद. अंतिम फेरीपर्यंतचे रँकिंगचे गुण पदरात पडले होते आणि टायरचं दुकान निदान या वर्षापुरतं टळलं होतं. पुढच्या आठवड्यात वूस्टरजवळ आणखी एक स्पर्धा होती.

“वूस्टर?” काका खुर्चीत सरसावून बसले. “अरे, आमच्या घराशेजारीच! आमची बेडरूम तुला. आम्ही बघू आमचं.”

यतीनच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. पाहुणा मार्गी लागला, खोली सुटली, काका खूश. मग मिलोराद वाकून काकांच्या कानाशी काहीतरी बोलला. काकांनी मान डोलावली.

“यतीन, तुझं काम हल्ली घरूनच चालतं ना? मग आमच्या घरून कर. याला निघताना विचारायला कुणीतरी लागणार. आज नाही विचारलंस, त्याचं काय झालं ते बघितलंस.”

काकूंना अचानक स्वयंपाकघरातलं काहीतरी आठवलं आणि त्या उठून आत गेल्या.

“पण काका, मी तिथे झोपणार कुठे?”

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काका ती गोष्ट बोलले, आणि तेही अगदी प्रेमाने.

“हॉलमध्ये. गादी अजून तीच आहे.”