उजव्या बाहीची फुलं

नेकनूरच्या उत्तरेश्वर शिंप्याची बायको मनकर्णा जागेपणी स्वप्नं बघायची. हात कामात असायचे आणि मन कुठंतरी पाण्याकाठी. त्या साली चैत्रातच विहिरींनी तळ दाखवला, मोगऱ्यांच्या नुसत्या काड्या उरल्या आणि गावातल्या बायकांच्या अंबाड्यांवर फूल म्हणून दिसेना. तेव्हा मनकर्णेनं नवऱ्याच्या चिंध्यांच्या टोपलीतून फुलं काढायला सुरुवात केली.

कपडा बेतून उरलेले तुकडे त्या टोपलीत पडत. त्यातून ती गोल पाकळ्या कापायची, कडेनं धावदोरा घालून हलकेच ओढायची. पाकळी चुरमडून वाटीसारखी व्हायची. अशा पाच पाकळ्या एकीवर एक शिवल्या, मधोमध हळदीत रंगवलेल्या सुताची गाठ मारली की फूल तयार. मग ती ते नाकाशी नेऊन बघायची. वास येत नसे, पण तिला येई.

एके दिवशी मोहनराव पाटलांच्या घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. पाटलीणबाईंनी, म्हणजे विमलबाईंनी, मुद्दाम निरोप धाडला होता, "येताना तुझी फुलं आण गं." दुपारी मनकर्णा टोपली घेऊन बसली. शेजारी उत्तरेश्वर तोंड उघडं टाकून झोपला होता. टोपलीत हात घातला तर बोटांना काहीतरी मांजराच्या पिलासारखं मऊ लागलं. जांभळी मखमल! दिवस बुडताना आभाळ जसं होतं, अगदी तसा रंग. मनकर्णेच्या डोळ्यांपुढं ओढा आला, ओढ्याच्या दोन्ही काठांना जांभळी फुलं आली, आणि कात्री आपोआप चालू लागली.

अकरा फुलं झाली. हळदीकुंकवाला अकराही फुलं अकरा अंबाड्यांवर चढली. पहिलं विमलबाईंनी माळलं. माळताना त्या फुलाकडं बघून क्षणभर थबकल्या, मग अंबाड्यात खोचलं.

दिवे लागायच्या सुमारास मनकर्णा तरंगत घरी आली, तर घरभर कापडं पसरलेली आणि मध्ये उत्तरेश्वर उभा.

"मनकर्णे, उजवी बाही बघितलीस का?"

"कुनाची?"

"पाटलाची! शेरवानीची! डावी हाय, उजवी न्हाई."

पाटलांच्या मेव्हण्यानं ती मखमल हैद्राबादेहून धाडली होती, अगदी मोजून, बोटभरही जास्त नाही. चार दिवसांनी बीडला जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांचा दरबार होता आणि पाटील तिथं शेरवानी घालून जाणार होते. मनकर्णेचा एक पाय अजून ओढ्यातच होता.

"जांभळी व्हती का?" तिनं विचारलं.

"व्हती म्हंजी?" उत्तरेश्वर मटकन खाली बसला.

"अवं, पन चिंध्याच्या टोपलीत कावून टाकली तुमी?"

उत्तरेश्वरला आठवलं. दुपारी वारं सुटलं होतं, बेतलेले तुकडे उडत होते. डोळ्यांवर झोप होती, आणि बाही उडू नये म्हणून त्यानं स्वतःच ती टोपलीत खोचली होती. भांडणाचा अर्धा जोर तिथंच गेला.

सकाळी दोघं फुलं गोळा करायला निघाली. खरं सांगायची सोय नव्हती. बातमी त्यांच्या आधी पाटलाच्या वाड्यावर पोचली असती. उत्तरेश्वरनं वाटेत एक कारण तयार केलं.

"फुलाचा टाका जरा कच्चा राह्यलाय, भामाबाई. पक्का करून देतो."

भामाबाईंनी फूल काढलं, दोन्ही हातांनी ओढून बघितलं. "लई पक्का हाय की वो!" तरी दिलं.

रतनबाईंच्या दारात मात्र फूल नव्हतंच. "काय सांगू, मनकर्णे," त्या म्हणाल्या, "धार काढाया वाकले, तर म्हशीनं अंबाड्यावरचं फूल वडलं आन् खाल्लं. तिला बी खरंच वाटलं बघ!"

एवढं कौतुक मनकर्णेचं जन्मात कुणी केलं नव्हतं. तिचा चेहरा फुलला. उत्तरेश्वरनं डोळे वटारले तेव्हा कुठं ती हळहळली.

छबुबाईंची लेक आठ दिवस तापानं फणफणत होती. ती मुठीत फूल धरून गाढ झोपली होती. "काल फूल घेतलं आन् डोळा लागला तिचा," छबुबाई कुजबुजल्या. "आत्ता कपाळ गार लागतंय."

उत्तरेश्वर त्या इवल्या मुठीकडं बघत राहिला. मग पायांचा आवाज न करता मागं सरला. "राहू द्या," तो म्हणाला. "ह्याचा टाका पक्का हाय."

एव्हाना शिंपी घरोघर फिरून टाके पक्के करून देतोय, ही खबर गल्लीभर झाली होती. दारादारातून बायका बाहेर आल्या. कुणी उसवलेली चोळी आणली, कुणी फाटलेली वाकळ. नाही म्हणावं तर कारण खोटं ठरणार! फुलांच्या उरलेल्या दारांपर्यंत पोचणं झालंच नाही. ऊन डोक्यावर आलं तेव्हा उत्तरेश्वरच्या हातात चार फुलं होती आणि पाठीवर चोळ्या-वाकळांचं गाठोडं.

घरी येऊन त्यानं चारही फुलं उसवली आणि पाकळीला पाकळी जोडत बाही शिवायला घेतली. ती कोपरापर्यंत आली आणि संपली. त्यानं ती उजेडाकडं धरली.

"माशाच्या खवल्यांवानी दिसती," तो रडवेल्या आवाजात म्हणाला.

"न्हाई वो, मोहरल्यावानी दिसती," मनकर्णा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटतानाच मोहनराव पाटील आले. एकटेच, मागच्या बोळातून. उत्तरेश्वरनं रातभर घोकलेलं वाक्य सुरू केलं, "जी पाटील, एक चूक—"

"थांब बे, आदी माझं ऐक." पाटलांनी दार लोटून घेतलं, घाम पुसला. "चैतात मखमल! मेव्हन्याला हैद्राबादेत पंखा वढाया मानसं हायत. मला दरबारात दोन घंटे उन्हात उभं ऱ्हायचं हाय. उकडून मरंल मी! आन् घरात न्हाई म्हनावं तर तिच्या भावानं धाडल्याली. तू आसं कर, ते शेरवानीचं कायतरी बिघडव. येखांदी बाही आखूड कर."

उत्तरेश्वरनं मनकर्णेकडं बघितलं. मग सावकाश मान खाली घातली.

"पाटील, तीस वर्सांत आसं काम केलं न्हाई." त्यानं लांब सुस्कारा सोडला. "पन तुमच्यासाठी करतो. आखूड कशाला, उजवी बाही पार नाहीशीच करतो."

"येवढं?" पाटलांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले.

"करायचं तर नीट करावं, जी."

मनकर्णेनं पदर दातांत धरून आतल्या खोलीचा रस्ता धरला. पण पाटलांनी तिला थांबवलं. "आन् मनकर्णे, बाही गेली म्हनून घरात तू सांग. मला न्हाई जमायचं."

दुपारी ती वाड्यावर गेली. विमलबाई सोप्यात एकट्या बसल्या होत्या. अंबाड्यावर जांभळं फूल होतं. मनकर्णेला खोटं सुचेना. टोपली, वारं, म्हैस, छबुबाईची लेक, तिनं सगळं सांगून टाकलं. सकाळी पाटील बोळातून आले होते, तेवढं मात्र गिळलं.

विमलबाई शांतपणे म्हणाल्या, "मला ठावं हाय. माळतानाच वळखलं. माझ्या भावानं धाडल्यालं कापड मी वळखनार न्हाई व्हय?"

"मंग बोलला न्हाई तुमी?"

विमलबाईंनी हात मागं नेऊन फूल चाचपलं. बोटं त्यावर रेंगाळली.

"वीस वर्सं म्हायेराहून कापड येतंय, मनकर्णे. समदं ह्यांच्यासाठी. फेटे, शेले, शेरवान्या. त्यातलं माझ्या अंगाला आजवर काय लागलं न्हाई. परवा पैल्यांदा लागलं." त्यांचे डोळे कुठंतरी लांब गेले, आणि मनकर्णेला वाटलं, ओढ्याच्या काठी आता आपण एकटी नाही.

विमलबाईंनी इकडंतिकडं बघितलं, पुढं सरकल्या आणि आवाज अगदी बारीक केला. "डावी बाही शिल्लक हाय ना? चोळी बेतायची म्हन्ते."

मनकर्णेनं मान डोलावली.

"आन् पाठ?"