दिघेकाका आविन्यों तपासतात

कोलकात्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी दिघेकाकांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते एका हातात कार्यक्रमपत्रिका आणि दुसऱ्या हातात लाल पेन्सिल घेऊन श्रीखंडाच्या पातेल्यावर वाकले होते. पत्रिकेत ‘केशरी श्रीखंड’ असं छापलं होतं. वाढपी ताटकळले होते, पंगत खोळंबली होती आणि काका अगदी शांतपणे म्हणत होते, “केशर दाखवा.” कोणीतरी म्हणालं, रंग दिसतोय की. काका म्हणाले, “रंगाला केशर म्हणत नाहीत. एक काडी दाखवा.” शेवटी आचाऱ्याने तळापर्यंत डाव घालून एक काडी शोधून काढली. काकांनी पत्रिकेवर खूण केली, “पास” म्हणाले आणि स्वतः श्रीखंड न घेताच पुढे गेले. त्यांना मधुमेह आहे.

मुकुंद दिघे यांची सगळी नोकरी खिदिरपूरच्या गोदीत, कस्टम्समध्ये झाली. जहाजातून उतरलेली पेटी उघडायची आणि कागदावर लिहिलंय तेच आत आहे का ते बघायचं, हे त्यांचं काम. माणूस निवृत्त झाला, पण काम काही त्यांना सोडून गेलं नाही. “कागदावर काय आणि पेटीत काय” हा त्यांचा मंत्र. बागबाजारच्या बाजारात कोळीण म्हणते, “पद्मार इलिश, दादा,” की हे विचारणार, “कागोज कोथाय?”, म्हणजे कागद कुठे आहेत? आता पद्मा नदीतून आलेला मासा पासपोर्ट कुठून दाखवणार? सियालदहला गाडी बारा नंबरवर येईल अशी घोषणा झाली, की गाडी खरोखर बारावर लागेपर्यंत हे नऊ नंबरवर उभे राहून बघणार, मग धावणार. माझा मेहुणा आमच्याकडे राहायला आला होता, तेव्हा जिन्यात मला गाठून म्हणाले, “अहो जोशी, तुमचे मेहुणे दोन दिवसांचे डिक्लेअर केले होते. आज पाचवा.” हे वाक्य मला स्वतःला चार दिवस सुचत नव्हतं, म्हणून मी त्यांचा आभारीच आहे.

मी बँकेचा माणूस. तीन वर्षांसाठी बदलून आलो आणि अकरा वर्षं इथेच आहे. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, दिघे तिसऱ्या. ते इथलेच, त्यांचा जन्मही इथला. मराठ्यांना अडवायला खणलेला खंदक आमच्या बागबाजारातूनच सुरू व्हायचा, त्यामुळे शेजारचे चक्रवर्तीबाबू दिघ्यांना अजून ‘बर्गी’, म्हणजे बंगालवर चालून आलेले मराठे स्वार, म्हणतात. काका म्हणतात, “खंदक कागदावर आहे. जागेवर दाखवा.”

वर दिघेकाकांबरोबर त्यांच्या मोठ्या बहीण कुमुदताई राहतात. दोघांनीही लग्न केलं नाही. ताई ऐंशीच्या पुढच्या, बारीकशा, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, आणि सगळ्या जगाला गृहपाठ दिल्यासारखं बोलणाऱ्या. त्यांनी इथल्या मुलींच्या शाळेत आयुष्यभर फ्रेंच शिकवलं. काका साऱ्या शहराची पेटी उघडतील, पण ताईंनी “मुकुंद, तो चहा पिऊन टाक” म्हटलं, की चहात साखर आहे का हेही न बघता पितात.

आमची मुलगी फ्रान्सला शिकायला गेली, आणि दोन वर्षांनी मी आणि माझी बायको सुनीता तिला भेटायला निघालो. ही बातमी वर पोचली त्याच संध्याकाळी ताईंनी आम्हाला बोलावलं. टेबलावर वहीचा एक कागद होता.

“जोशी, तुम्ही मुकुंदला बरोबर न्या,” त्या म्हणाल्या. “दोन दिवस आविन्योंला. मला डॉक्टर विमानात बसू देत नाहीत, आणि माझे गुडघे मला खालच्या दुकानापर्यंतसुद्धा जाऊ देत नाहीत.”

भानगड अशी होती. आठवीच्या फ्रेंचच्या पुस्तकात आविन्योंवर एक धडा होता. दक्षिण फ्रान्समधलं तटबंदीचं जुनं गाव, रोन नदी, अर्धवट पूल, पोपचा राजवाडा. चित्रं काळीपांढरी, धडा दीड पानाचा. आणि मुली प्रश्न विचारायच्या. बाई, राजवाड्याचा रंग कोणता? बाई, तिथे वारा असतो का? ताई कधीच तिथे गेलेल्या नव्हत्या. पण वर्गात ‘माहीत नाही’ म्हणायला त्यांची जीभ वळायची नाही. त्यांनी उत्तरं दिली. काही कुठेतरी वाचलेली, काही मनची.

“अशी अकरा उत्तरं आहेत,” कागद पुढे सरकवत त्या म्हणाल्या. “हल्ली मला त्यांच्यामुळे झोप येत नाही. त्या मुली आता आज्या झाल्या असतील. मी सांगितलेलं नातवंडांना सांगत असतील. खोटं असेल तर मला कळू दे. एकेकीला पत्र घालीन.”

मला हसू येत होतं. ताईंचा चेहरा पाहिला आणि ते गिळलं. काकांनी कागदाची घडी घालून वरच्या खिशात ठेवली.

मुलीने आम्हाला आविन्योंच्या आगगाडीत बसवून दिलं आणि ती तिच्या परीक्षेला गेली. मे महिना होता, ऊन आपल्याकडच्यासारखंच. माझा बेत साधा होता. चौकातल्या मोठ्या झाडाखाली खुर्ची टाकायची, कॉफी मागवायची आणि जग बघायचं. काकांनी मला खुर्चीला पाठ टेकू दिली नाही.

पहिला पूल. नदीत निघतो, छान कमानी टाकत मध्यापर्यंत जातो आणि थांबतो. पुढचा भाग केव्हाच पुरात वाहून गेलाय. लोक त्या तुटक्या टोकावर उभे राहून आनंदाने फोटो काढत होते. काकांनी टोकापर्यंत जाऊन खाली पाहिलं. “शॉर्ट लँडिंग,” ते म्हणाले. गोदीच्या भाषेत याचा अर्थ, माल कमी उतरला. “पूल म्हणजे पलीकडे गेला पाहिजे. हावड्याचा जातो.” पण ताईंच्या कागदावर ‘पूल अर्धा, पण उभं राहिलं की छाती भरून येते’ असं होतं. काका दोन मिनिटं तिथे उभे राहिले. मग त्यांनी खूण केली.

पोपचा राजवाडा. एके काळी पोप रोम सोडून इथे राहायला आले होते, त्यांच्यासाठी बांधलेला. बाहेरून किल्ल्यासारखा, आत दालनांमागून दालनं, आणि बहुतेक रिकामी. काका प्रत्येक दालनात शिरून चारी कोपरे बघत होते. “एवढी मोठी पेटी आणि आत माल नाही,” ते तिथल्या पहारेकरणीला मराठीत म्हणाले. तिने आदराने मान हलवली. भिंतींचा रंग मात्र ताईंनी मुलींना सांगितलेला तोच निघाला, उन्हात ठेवलेल्या तुपासारखा. पास. टेकडीवरच्या बागेत वाऱ्याने काकांची टोपी उडवून नदीकडे नेली. ‘वारा फार’ यावर त्यांनी टोपीच्या मागे न धावता आधी खूण केली.

सगळ्यात मजा आली ती खोट्या खिडक्यांची. त्या गावात काही घरांच्या भिंतींवर खिडक्या रंगवल्यात, आणि त्यांतून नाटकातल्या पोशाखातली माणसं वाकून रस्त्यावर बघतात. हा सरळसरळ कस्टम्सचा गुन्हा होता. दाखवलीय खिडकी, मागे भिंत. काकांचे डोळे चमकले. पण ताईंनी तेही बरोबर सांगून ठेवलं होतं. काका खाली उभे राहून बराच वेळ बघत होते. एका रंगवलेल्या बाईला त्यांनी हळूच नमस्कारही केला. माझ्याकडे पाहून म्हणाले, “ताईसारखीच बघतेय.”

संध्याकाळपर्यंत दहा उत्तरं पास झाली. अकरावं दुसऱ्या दिवशी सकाळी.

गावाच्या एका कडेला रंगाऱ्यांची जुनी गल्ली आहे. एका अंगाला घरं, दुसऱ्या अंगाला अरुंद कालवा, वर झाडांची सावली. पूर्वी इथे कापड रंगवायचे, आणि त्यासाठी कालव्यात मोठी लाकडी पाणचक्क्यांची चाकं बसवलेली. त्यांतली काही अजून आहेत, शेवाळलेली. कागदावर लिहिलं होतं: ‘चाकं अजून फिरतात. त्यांच्यावरून पडणाऱ्या थेंबांचा आवाज गल्लीभर ऐकू येतो.’

आमच्या समोरचं चाक फिरत नव्हतं.

कालव्याला त्या दिवशी पाणी बेताचं होतं. आम्ही कठड्यावर बसलो. अर्धा तास. एक तास. काका चाकाकडे बघत होते, मी कॉफीच्या दुकानाकडे. शेवटी मी म्हणालो, “काका, करा की खूण. इथे कोण बघायला येणार आहे?”

“खोट्यावर खूण नाही करणार,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, चाकावरची नजर न काढता, “आणि तिला नाही म्हणूनही सांगणार नाही.”

त्या कठड्यावर त्यांनी मला सांगितलं. ताई एकवीस वर्षांच्या असताना त्यांना शिष्यवृत्ती मिळाली होती. एक वर्ष, फ्रान्समध्ये, इकडेच दक्षिणेला. मुंबईहून बोटीचं तिकीटही आलं होतं. त्याच वर्षी आई गेली. वडील कामासाठी सदा बाहेरगावी. काका सातवीत होते. “तिने तिकीट परत केलं, जोशी. मला सांगितलं, बोट रद्द झाली म्हणून. पुढे गोदीत लागल्यावर मी जुनी रजिस्टरं चाळली, मुंबईलाही पत्र टाकलं. बोट रद्द झाली नव्हती. वेळेवर गेली होती.”

सुनीताने डोळ्याला पदर लावला.

काका उठले. “फिरवलं तर फिरतं, हे तर खरं असेल ना?” ते म्हणाले, आणि उघड्याच हातांवर बाह्या सरसावल्यासारखं करून त्यांनी कठड्यावरून अंग बाहेर टाकलं. हातातली छत्री चाकाच्या फळीला लावली आणि जोर केला. सुनीताने मागून त्यांचा पट्टा धरला. चाक कुरकुरलं, बोटभर सरकलं, पुन्हा थांबलं. काकांनी छत्री टाकून हातच घातले. आणि मग ते भलंमोठं हिरवं चाक खरोखर हललं, पाणी उचलून घेत वर आलं, आणि थेंब पडायला लागले.

“फोन लावा,” काका ओरडले. “ताईला ऐकवा.”

मी फोन लावला, स्पीकर चालू करून कालव्यावर धरला. कोलकात्यात दुपारचे अडीच वाजले असतील. “ताई, ऐक,” काका धापा टाकत म्हणाले. टप टप टप.

तेवढ्यात समोरच्या घरातून भाजीची टोपली घेतलेली एक म्हातारी बाई लगबगीने आली आणि आमच्यावर फ्रेंचमध्ये तुटून पडली. आम्ही तिघे मख्ख. आणि फोनमधून ताईंनी उत्तर दिलं. बाई दचकली. तिने टोपली खाली ठेवली, माझ्या हातातून फोन घेतला, आणि दोघी बोलायला लागल्या. आधी हळू, मग भराभर, मग एकमेकींना तोडून. बाई हसली. ताईही हसल्या. मी अकरा वर्षांत ताईंना असं खळखळून हसताना ऐकलं नव्हतं. पाच मिनिटांनी बाईने फोन परत दिला, काकांच्या ओल्या खांद्यावर थोपटलं आणि टोपली उचलून गेली.

“मुकुंद,” ताई म्हणाल्या, “त्या बाई सांगतात, पाणी भरलं की चाक आपलं आपण फिरतं. आवाजही येतो. आज मात्र कोणी म्हातारा वेड्यासारखा ते ढकलतोय, त्याला आवरा म्हणाल्या.” मग त्यांचा आवाज बदलला. “माझं सगळं समजलं रे त्यांना. एक शब्दही दोनदा सांगावा लागला नाही.”

काकांनी स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि आमच्यापासून चार पावलं दूर जाऊन पाठ करून उभे राहिले. गल्ली लहान होती, त्यामुळे ऐकू आलंच.

“ताई, तू जायला हवं होतंस गं त्या वर्षी.”

पलीकडून काय उत्तर आलं ते आम्हाला कळलं नाही. काका खूप वेळ नुसते ऐकत होते. मधे एकदा त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. मग “हो” म्हणाले. पुन्हा “हो, खाल्लंय” म्हणाले. आणि मे महिन्याच्या त्या उन्हात, अर्ध्या बाहीच्या शर्टात, घामाने निथळत, कोपरापर्यंत भिजलेले दिघेकाका फोनवर म्हणाले, “हो ताई, स्वेटर घातलाय.”