हलकी बंदूक आणि ब्रीना

एर्मेतेनं आणखी एक बंदूक खांद्याला लावली, डोळे मिटले, उघडले आणि मान हलवली.

"हीपण जडच."

"काका, याहून हलकं हवं असेल तर छत्री देतो," सेत्तिमिओ म्हणाला. सकाळपासून त्याच्या दुकानातली कपाटं रिकामी होत होती आणि टेबल भरत होतं. शेवटी त्यानं आतल्या खोलीतून एक सडपातळ दुनळी आणली. एर्मेतेनं ती उचलली आणि त्याचा चेहरा खुलला.

"अरे, ही तर हातात आहे असं वाटतच नाही!"

"खांद्यावर घेऊन चालायला सोन्यासारखी आहे. पण सांगून ठेवतो, धक्का सणसणीत देते. आणि नेम धरताना हात पक्ष्याच्या पुढं पळतो."

"पक्ष्याचं मागाहून बघू. आधी मला डोंगर चढू दे."

डोंगर चढणं भागच होतं. एर्मेतेच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्याचा जुना शिकारी सोबती नाझारेनो बारमध्ये रोज एकच टुमणं लावत होता. "तुझ्यानं आता बंदूक उचलवत नाही, मग ब्रीनाला कशाला सडवतोस? दे मला." पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली ब्रीना म्हणजे एर्मेतेचा जीव. रानात पाल्यापाचोळ्यात दडून बसणारा लांब चोचीचा बेकाच्चा तिच्याइतका अचूक हुडकणारी कुत्री आसपासच्या गावांत नव्हती. अशीला चुलीपाशी बसवून ठेवणं हे पाप आहे, हे एर्मेतेलाही कळत होतं. नाझारेनोचं बोलणं खरं होतं, म्हणून तर ते जास्त झोंबत होतं.

वडिलांच्या वेळची जाडजूड बंदूक त्यानं बदल्यात सेत्तिमिओला देऊन टाकली आणि मागं वळून न बघता बाहेर पडला. बघितलं असतं तर रडू आलं असतं.

घोळ घरी पोचल्यावरच सुरू झाला. एरवी खुंटीवरची बंदूक खाली आली की ब्रीना खुर्च्या उलथ्यापालथ्या करायची. आज तिनं नव्या बंदुकीचा वास घेतला, जांभई दिली आणि पुन्हा चुलीपाशी पसरली.

"अगं, शिकारीला जायचंय, शिकारीला!" एर्मेते तिच्यापुढं बंदूक नाचवू लागला.

"तिला वाटतंय तू काठी घेऊन फिरायला निघालायस," त्याची बायको योलांदा म्हणाली. "कुत्रीला विचारून घ्यायची होतीस."

दुसऱ्या दिवशी सकाळीही ब्रीना हलेना, तेव्हा एर्मेतेनं तिला उचलून गाडीत टाकलं. खांद्यातून कळ गेली ती निराळीच.

डोंगरावर ती त्याच्या टाचांना टाच लावून, कुणाच्या तरी मयताला आल्यासारखी चालत होती. गळ्यातली घंटी कशीबशी वाजत होती. मग एकाएकी तिनं नाक वर केलं आणि ओढ्याच्या दिशेनं सुसाट सुटली. घंटी दूर दूर गेली आणि थांबली.

एर्मेतेचा जीव भांड्यात पडला. घंटी थांबली म्हणजे ब्रीना पक्ष्यासमोर खिळून उभी राहिली! तो श्वास रोखून, काट्यांत विजार फाडून घेत, ओढ्यातून बूट भिजवत पुढं सरकला. झुडूप बाजूला करून बघतो तर ब्रीना खरंच खिळून उभी होती. समोर नाझारेनो बसून सॉसेज खात होता आणि त्याच्या मांडीवर एर्मेतेच्या वडिलांची बंदूक होती.

"मी काही बोलावलं नाही हां," नाझारेनो भरल्या तोंडानं म्हणाला. "आपणहून आलीय."

"ब्रीना, चल!"

ब्रीनानं बंदुकीच्या दस्त्यावर हनुवटी टेकली.

"तिनंच ठरवलंय. आता तू कशाला मधे पडतोस?" नाझारेनो उठून चालू लागला आणि ब्रीना शेपूट हलवत त्याच्यापुढं धावली. कुत्री राहावी म्हणून बंदूक घेतली आणि बंदुकीपायीच कुत्री गेली. एर्मेते त्यांच्या मागं चालत राहिला.

थोड्याच वेळात घंटी पुन्हा थांबली. या वेळी ब्रीनाचा एक पाय हवेत होता. ओकच्या मुळाशी बेकाच्चा होता, यात शंकाच नव्हती. नाझारेनोनं बंदूक उचलली. ती छातीपर्यंत आली आणि तिथंच थरथरू लागली. त्याचा चेहरा पिळवटला.

"नाझारे, खांदा?" एर्मेतेनं हळूच विचारलं.

"दोन्ही."

"कधीपासून?"

"तुझ्याही आधीपासून. बोललो नाही कुठं."

"मग हे धूड घेतलंस कशाला, मूर्खा?"

"सेत्तिमिओ ती कुण्या परक्याला विकायला निघाला होता." नाझारेनोनं नजर चुकवली. "तुझ्या बापानं हिच्यावरच मला नेम धरायला शिकवलं होतं. आहे ना आठवण?"

एर्मेतेनं नवी बंदूक नाझारेनोच्या हातात कोंबली आणि जुनी काढून घेतली. "मार, उडेल तो!"

बेकाच्चा उडाला. नाझारेनोचा हात पक्ष्याच्या कितीतरी पुढं पळाला, ठो आवाज झाला, पक्षी दरीपार गेला आणि नाझारेनो धक्क्यानं चिखलात बसला. बसल्या बसल्याच तो लहान पोरासारखा हसू लागला.

"काय हलकी आहे रे ही! कशी उचलली गेली बघितलंस?"

ब्रीना दोघांकडे बघत राहिली. मग तुरुतुरु येऊन एर्मेतेच्या पायाला चिकटून बसली.

गाडीकडे परतायच्या चढावर नाझारेनो नवी बंदूक मिरवत शीळ घालत होता. मागं जुनी बंदूक खांद्याला लावून एर्मेते घामाघूम झाला होता, खांद्यातून ठिणग्या निघत होत्या आणि शेजारी ब्रीनाची घंटी खणखणत होती.

"दे इकडे. आळीपाळीनं धरू," नाझारेनो म्हणाला. "जड आहे ती."

एर्मेतेनं ब्रीनाकडे बघितलं आणि बंदुकीचा पट्टा घट्ट आवळला.

"छे रे," तो धापा टाकत म्हणाला, "हलकीच आहे."