'वगळ' की 'वगळा'

एका मोठ्या इस्पितळात संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्या एक बाई होत्या. रुग्णांच्या नोंदींतून नाव, फोन आणि आजार हे रकाने गाळून उरलेली नोंद बाहेर पाठवायची, हे त्यांच्या खात्याचं काम. मात्र त्यांच्या संगणकभाषेच्या कोअर लायब्ररीत, म्हणजे भाषेसोबतच मिळणाऱ्या तयार आज्ञांच्या संचात, 'एवढे रकाने वगळ' असं सांगणारी मेथडच, म्हणजे तशी आज्ञाच, नव्हती. त्यामुळे जो तो आपली गाळणी घरच्या घरी बनवी. एका सहकाऱ्याची गाळणी फाटकी निघाली आणि एका शिक्षिकेचा आजार, नावासकट, फिरत फिरत तिच्या शाळेच्या संचालकांपर्यंत गेला. संचालकांनी तिला उत्तम आरोग्यासाठी शुभेच्छा दिल्या आणि कामावरून कमी केलं.

त्या संगणकभाषेत काय घ्यायचं हे ठरवणाऱ्या रखवालदार मंडळापुढे बाई उभ्या राहिल्या. ही सोय भाषेतच द्या, म्हणाल्या.

मंडळातले सर्वांत ज्येष्ठ, ज्यांना सगळे आजोबा म्हणत, त्यांनी विचारलं, "चार ओळी लिहिताना हात झिजतात का तुमचे?"

बाईंनी शिक्षिकेची हकीकत सांगितली. मंडळाला वाईट वाटलं, आणि चर्चा मेथडच्या नावावर आली. 'वगळ' उद्धट वाटतं, 'वगळा' बरं. पण मग जुन्या सगळ्याच मेथडना अहो-जाहो करावं लागेल. त्यासाठी उपसमिती नेमली गेली. नसलेलाच रकाना वगळायला सांगितला तर भाषेने तक्रार करावी की गप्प बसावं, यावरून दोन रखवालदारांनी एकमेकांशी अबोला धरला. दरम्यान इतर इस्पितळांतल्याही गाळण्या फुटल्या. मंडळाने ती प्रकरणं उपयुक्त उदाहरणं म्हणून प्रसिद्ध केली, रुग्णांच्या नावांसकट.

अखेर 'वगळ' मंजूर झाली. बाई स्वतः शिक्षिकेच्या घरी सांगायला गेल्या. तिने शिकवणीची मुलं आतल्या खोलीत बसवली आणि शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे आता ते आपोआप गळेल?"

"आपोआप नाही. कोणता रकाना ते सांगावं लागतं."

"आणि सांगायचंच राहिलं तर?"

बाईंनी वही काढून तो प्रश्न लिहून घेतला. मग त्यांनी, ही हकीकत लोकांपुढे मांडली तर चालेल का, असं विचारलं. शिक्षिका म्हणाली, "मांडा. आजाराचं नाव तेवढं वगळा."

त्याप्रमाणे ते वगळलं आहे. तिची नोकरी गेली हे वाचूनही, 'पण आजार होता तरी कोणता?' असं तुमच्या मनात येऊन गेलंच असेल. ते वगळायची मेथड अजून कुठल्याही भाषेत नाही.