तेलाचा रहाट

इष्णू हवालदाराच्या जीपला भज्यांचा वास यायचा. खोटं वाटत असेल तर आमच्या वाडीतल्या कुत्र्यांना विचारा. त्यानं इंजिन चालू केलं की सात-आठ कुत्री शेपट्या हलवत गाडीपुढं बसायची.

लढाई संपल्यावर हवालदारानं पुण्याच्या लिलावात लष्कराची जुनी जीप घेतली. मागाहून तिच्या तोंडाला एक रहाट बसवला. विहिरीवर असतो तसाच, पण लोखंडी आणि तेलाच्या जोरावर फिरणारा. इंजिन पंप फिरवतं, पंप तेल ढकलतो, तेल रहाट फिरवतं, रहाट तारेचा दोर गुंडाळतो आणि रुतलेली गाडी स्वतःच स्वतःला ओढून काढते. पंप भंगारातल्या लष्करी लॉरीचा. त्यात घालायचं इंग्रजी तेल मिळेना, म्हणून या गड्यानं घाण्यावरचं करडईचं तेल ओतलं. पंप तापला की वाडीभर तळणीचा वास.

त्याच्या तोंडी एकच शब्द, प्रेशर. तालमीत कुणी चीत झाला, "प्रेशर न्हाई." भाकरी फुगली नाही, "प्रेशर न्हाई." एका लग्नात मंगलाष्टका ऐकून म्हणाला, "भटजीचा आवाज लय, पर प्रेशर न्हाई." आणि हवालदार, तुमचं लग्न कवा? "त्येला लय प्रेशर लागतं गड्या."

लोक चिडवायचे, "आवं, माणदेशात प्यायला पाणी न्हाई आन् तुमी चिखलातनं गाडी काढताय व्हय?"

"वाळू हाय की," एवढंच बोलून तो जीपखाली शिरायचा. मी तिथं असलो तर लोकांचं हसू तिथंच थांबायचं.

मी हसत नव्हतो. त्याच्याशी बोलतही नव्हतो.

आदल्या साली माझी बायको सोना तापानं फणफणली. हवालदार आपणहून जीप घेऊन दारात आला. "दादा, लढाईत मिसरच्या वाळवंटात दोन वर्सं गाडी हाकलीया. म्हसवडचा दवाखाना म्हंजी काय!" माणगंगेच्या कोरड्या पात्रात मधोमध चारी चाकं बसली. वाडीतले गडी मुंबईला. बैलं मिळेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. गाडीच्या सावलीतच सोनानं डोळे मिटले. मी शिकलेला नाही, जिभेला लगाम नाही. तिथंच म्हणालो, "तुज्या मिसरनं मारली तिला."

तेरावं झालं तसा तो पुण्याला गेला. मला वाटलं, तोंड चुकवून पळाला. परत आला तो पंप घेऊन.

माझ्या घरात त्यानंतर फोडणी पडली नाही. कोरडी भाकरी, चटणी, वर पाणी. एकट्या जिवासाठी कढई कोण चढवतो?

रहाट झाला, पण दोर बांधायला समोर घट्ट काहीतरी पाहिजे. पात्रात झाड नाही. हवालदारानं देवळामागं पडलेलं चुना मळायच्या घाण्याचं दगडी चाक लोटत लोटत नदीत नेलं, त्याला साखळी ओवली आणि पलीकडच्या काठाशी खोल पुरलं. आठ दिवस खणत होता. मेंढरं घेऊन जाणारे विचारायचे, "हवालदार, हीर पाडताय?"

एका सकाळी तो माझ्या दारात.

"दादा, चला. टेस्टिंग हाय. वजन कमी पडतंय."

"मग दगडं भर की."

"दगडं न्हाई चालत. तवा तुमी पुढं बसला हुता. तुमीच पायजे."

मी दार लावणार होतो. तेवढ्यात गाडीच्या मागच्या भागाकडं नजर गेली. वाकळ अंथरलेली. तिच्यावर ज्वारीचं पोतं आडवं निजवलेलं. पोत्याला ऊन लागू नये म्हणून वर धोतराचं पान बांधलेलं.

जमिनीकडं बघत तो म्हणाला, "वयनीएवढंच वजन भराया पायजे. अंदाजानं घेतलं."

मी गाडीत का चढलो, मला अजून कळलेलं नाही.

जागा तीच. त्यानं मुद्दाम चाकं रुतवली. उतरला, साखळीत आकडा अडकवला, परत येऊन दांडा ओढला. दोर ताठ झाला. पंप गुणगुणायला लागला, पाळणा हलवताना बाई गुणगुणते तसा. खालची वाळू पाण्यासारखी सरकायला लागली. मला वाटलं, आपण जागेवरच आहोत, पलीकडचा काठच भरल्या मोटेसारखा हळूहळू जवळ येतोय, बाभळींसकट, मेंढरांसकट. आणि तेल तापलं. फोडणीचा वास आला. सोनाची कढई तापली की मला रानात असाच वास गाठायचा. मी डोळे मिटून घेतले. शेजारी हवालदार पुटपुटत होता, "प्रेशर, प्रेशर," देवाचं नाव घ्यावं तसं.

चाकं कडक जमिनीला लागली. वाटलं, आता हा उडी मारून सलाम ठोकणार. त्यानं गुमान आकडा सोडला, दोर गुंडाळला आणि गाडी पुढं काढली.

"आता कुठं रं?"

"दवाखान्यापतोर, दादा. तवा अर्ध्यातच ऱ्हायलं."

मी मागं वळलो. पोत्याखालची वाकळ एका बाजूला सरकली होती, ती नीट केली.

"दमानं हाक," म्हणालो. "हिसकं बसत्यात तिला."